परवानगी

नमस्कार, श्रोतेहो.

गेल्या आठवड्यात आमच्या पुतणीची पहिली सही झाली. गोव्याबाहेरून कुणी ऐकत असेल तर सांगतो. आमच्याकडे लग्न मांडवात लागायच्या आधी नोंदणी कार्यालयात लागते, आणि तिथेही एका फेरीत नाही. आधी मुलगा-मुलगी साक्षीदार घेऊन जातात, लग्न करायचे आहे असे लिहून देतात. कुणाची हरकत असेल तर कळावी म्हणून मध्ये काही दिवस जाऊ देतात, आणि मग दुसरी सही. त्या दिवशी कारकूनबाईंनी रजिस्टर फिरवून पुतणीपुढे ठेवले आणि विचारले, ‘तुझ्या मर्जीनं ना गो?’ तिच्या बापाला नाही, मामाला नाही, तिला विचारले. बाकावर माझी आत्या बसली होती, ऐंशी उलटलेली. ती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘दोन फावटी सही कित्याक रे?’ दोनदा सही कशाला, असे.

तिला तिथे नीट उत्तर देता आले नाही. गोष्ट लांबची आहे, पार लिस्बनपासून सुरू होणारी. म्हणून आज ती तुमच्यासमोर सांगतो.

५ ऑक्टोबर १९१० या दिवशी लिस्बनमध्ये राजेशाही संपली. राजा दुसरा मानुएल देश सोडून निघून गेला आणि पोर्तुगाल प्रजासत्ताक झाला. नव्या सरकारने त्याच वर्षी २५ डिसेंबरला, नाताळच्या दिवशी, विवाहाचा कायदा आणला. लग्न म्हणजे दोन माणसांनी आपल्या मर्जीने केलेला करार आणि त्याची नोंद सरकारने ठेवायची, हे त्यातले मुख्य सूत्र. पुढच्या वर्षी २० एप्रिलला चर्च आणि शासन वेगळे झाल्याचा कायदा आला. हे कायदे बोटीने गोव्यात पोहोचले आणि त्यातला विवाहाचा कायदा आजही आपल्याकडे चालतो. राजा गेला, प्रजासत्ताक आले, तेही बुडाले, हुकूमशाही आली, ती आपल्याकडून १९६१ साली गेली, आणि पुतणी अजून त्याच धाग्याला धरून सही करते आहे. तिकडे झालेली क्रांती इतकी खोल मुरली, की ती क्रांती होती हेही आपण विसरून गेलो.

त्याच्याही आधीची, १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता आपल्याकडे आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता दोघांची मिळून, निम्मी निम्मी. गोव्यातल्या बायका घर विकायच्या कागदावर नवऱ्यासोबत सही करतात, ती यामुळे. पण सगळेच गोड सांगून चालणार नाही. हिंदूंच्या रीतिरिवाजांसाठी १८८० साली जी संहिता केली, तिच्यात बायकोला पंचविशीपर्यंत मूल झाले नाही किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही तर नवऱ्याला दुसरी करायची मुभा होती. आज ते कलम कुणी वापरत नाही, पण कागदावर ते होते. समतेच्या गोष्टी सांगणाऱ्या कायद्यांच्या शेजारीच ते नांदले.

१९१० नंतर इथल्या हिंदू समाजात जे झाले ते मला फार मोलाचे वाटते. त्याआधी राज्याचा धर्म कॅथलिक होता आणि हिंदू माणूस सरकारदरबारी दुय्यम. प्रजासत्ताकाने कायद्यापुढे सगळ्यांना सारखे केले, आणि जणू कुणी दार उघडायची वाट बघत होते अशी माणसे पुढे आली. पणजीत मुष्टिफंड संस्था १९०८ सालीच सुरू झाली होती. घराघरातून मूठमूठ तांदूळ गोळा करून शाळा चालवायची, हा त्या नावातला अर्थ. फोंड्यात १९११ साली गोवा विद्याप्रसारक मंडळ उभे राहिले. गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांनी केप्यातून ‘भारत’ हे पत्र काढले. देवळांच्या अग्रशाळांत, म्हणजे आवारातल्या धर्मशाळांत, मराठी शिकवणारे शिक्षक होतेच. आता त्या शिकवणीला वाचनालय मिळाले, छापखाना मिळाला, वाद घालायला जागा मिळाली.

आणि तरीही. माझे आजोबा फोंडा तालुक्यात एका भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, मुंडकार होते. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जागेवर घर बांधून राहणारा माणूस. घर त्याचे, जमीन भाटकाराची. माड राखायचे, बोलावतील तेव्हा राबायला जायचे, आणि पावसाळ्याआधी कौले परतायची असतील तर आधी भाटकाराकडे जाऊन विचारायचे. आजोबा पायऱ्यांखाली उभे राहायचे. भाटकार जेवत असेल तर थांबायचे, झोपला असेल तर परत जायचे. आजी सांगायची, एका वर्षी मृगाला चारच दिवस उरले तरी होकार आला नाही, आणि त्या पावसात चुलीवर पत्रा धरून तिने भात शिजवला. हा भाटकार पाखलो, म्हणजे गोरा पोर्तुगीज, नव्हता बरे का. आपल्यातलाच, मराठी बोलणारा, देवळात कीर्तनाला पहिल्या रांगेत बसणारा. राजा जाऊन प्रजासत्ताक आले याची खबर त्या पायऱ्यांपर्यंत पोहोचली नव्हती.

म्हणून क्रांती झाली असे कुणी म्हटले की मी एकच गोष्ट बघतो. काल ज्या कामाला परवानगी लागत होती, त्यातल्या कुठल्या कामाला आज लागत नाही? आणि कुणाला?

गंमत अशी की मिळालेली मोकळीक परतही घेता येते, तीही गाजावाजा न करता. २८ मे १९२६ला लिस्बनमध्ये लष्कराने सत्ता घेतली. १९३० साली वसाहत कायदा आला. त्याने आपल्याला पोर्तुगालच्या मालकीची वसाहत म्हणून पुन्हा खालच्या पायरीवर बसवले. लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी त्याच वर्षी इथल्या विधिमंडळात उभे राहून त्याचा निषेध केला आणि गोमंतकीयांचा स्वयंनिर्णयाचा हक्क मांडला. १९३२ साली सालाझार पंतप्रधान झाले आणि छापील अक्षरावरचा पहारा घट्ट झाला. वर्तमानपत्राचा मजकूर सेन्सॉरच्या टेबलावरून गेल्याशिवाय छापायचा नाही. लग्नपत्रिकासुद्धा दाखवून आणावी लागे! ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ हे तीन शब्द सरकारी माणसाने वाचून पसंत करायचे, मग पाहुण्यांना आमंत्रण जायचे. माझ्या वडिलांच्या लग्नात पत्रिका छापलीच नाही. आजोबांनी गावभर फिरून तोंडी बोलावणी केली.

१८ जून १९४६चा दिवस गोव्यातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असतो. मला त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. डॉ. राममनोहर लोहिया आग्र्याच्या तुरुंगातून सुटून विश्रांतीसाठी असोळण्याला आले होते, बर्लिनमध्ये शिकताना झालेले मित्र डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्या घरी. लोक भेटायला येऊ लागले आणि बोलण्यातून कळत गेले की इथे सभेलाही परवानगी लागते, बोलायलाही लागते. त्या दिवशी मडगावात पाऊस होता. पोर्तुगीज अधिकारी पिस्तूल घेऊन आडवा आला आणि लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला. त्यांनी काही राज्य उलथून टाकले नाही. विनापरवानगी बोलायला उभे राहिले, एवढेच केले. लोकांच्या मनातली भीती मात्र त्या पावसात निघून गेली, असे त्या वेळचे लोक सांगत.

आता या माध्यमाचीच एक गोष्ट, कारण तुम्ही रेडिओ ऐकताय आणि मी रेडिओवर बोलतोय. नोव्हेंबर १९५५ पासून डिसेंबर १९६१ पर्यंत, सीमेपलीकडच्या रानातून, आधी आंबोली आणि मग कॅसलरॉक भागातून, ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे गुप्त केंद्र चालले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही दोन तरुण माणसे ते चालवत. रानात राहायचे, बातम्या गोळा करायच्या, पोर्तुगीज आणि कोंकणीतून बोलायचे. आमच्या घरी रेडिओ कुठला! वडील गावच्या दुकानदाराच्या मागच्या खोलीत जायचे. दुकानदार सेटवर तांदळाचे रिकामे पोते टाकायचा आणि तिघे-चौघे त्या पोत्याला कान लावून बसायचे. आवाज खरखरत यायचा, अर्धे शब्द पोत्यातच अडकायचे. वडील सांगत, ‘काय बोलले ते नीट कळायचे नाही. पण कुणीतरी न विचारता बोलतेय, हे कळायचे.’ १९ डिसेंबर १९६१ला, साडेचारशे वर्षांची सत्ता संपली त्या दिवशी, वामनबाब आणि लिबियाबाय ध्वनिक्षेपक लावलेल्या विमानातून पणजीवरून फिरले आणि गोवा मुक्त झाल्याचे त्यांनी आकाशातून सांगितले. वडील पोत्यावाचून ऐकलेल्या त्या पहिल्या आवाजाबद्दल बोलायचे तेव्हा त्यांचा गळा दाटून यायचा.

मुक्तीनंतरची दहा-पंधरा वर्षे म्हणजे खरी घुसळण. डिसेंबर १९६३ मध्ये पहिली निवडणूक झाली आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. माझी मोठी बहीण आमच्या घराण्यातली शाळेत गेलेली पहिली मुलगी.

मग १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचे तर फूल, वेगळे राहायचे तर दोन पाने. आमच्या घरात फूल होते, मी लपवत नाही. मराठीत प्रार्थना करणाऱ्या, ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या आजीला महाराष्ट्र हे माहेर वाटायचे. शिवाय भाटकारांच्या कचाट्यातून तीच वाट बाहेर जाते, अशी आजोबांची पक्की समजूत. कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यांकडे दोन पाने. त्यांना वाटायचे, एवढ्या मोठ्या राज्यात आपण मिठाच्या खड्यासारखे विरघळून जाऊ. दोन्ही घरे जिवाभावाची, आणि दोन महिने एकमेकांच्या विहिरीवर गेली नाहीत. कौल लागला: विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०, विरोधात १,७२,१९१. चौतीस हजार एकवीस मतांनी आम्ही हरलो. आजीला वाईट वाटले, खूप वाटले. पण रात्री कुणी दार ठोठावले नाही, कुणाला धरून नेले नाही, आणि चतुर्थीला शेजारणीची नेवऱ्यांची ताटली नेहमीसारखी कुंपणावरून आली. आज, इतक्या वर्षांनी, मला वाटते की कौल बरोबर लागला. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला तो ३० मे १९८७ला, आणि तो मिळायला गोवा वेगळा उरलेला असावा लागत होता. पण आजीच्या त्या माहेरपणालाही मी खोटे म्हणणार नाही.

इकडे हे चाललेले असताना लिस्बनमध्ये पुन्हा काहीतरी शिजत होते. अंगोला, गिनी, मोझांबिक इथल्या लढायांत झिजलेले सैनिक सरकारला कंटाळले होते. २५ एप्रिल १९७४च्या मध्यरात्री रेडिओवर ठरलेले गाणे लागले आणि त्या इशाऱ्यावर लष्करातले तरुण अधिकारी बाहेर पडले. हो, तिथेही रेडिओच. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुले खोचली आणि जवळजवळ अर्धशतकाची हुकूमशाही एका दिवसात कोसळली. गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालने मान्य केले ते त्यानंतर, ३१ डिसेंबर १९७४च्या करारात. ज्या गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शेवटच्या माणसापर्यंत लढा हा सालाझारचा हुकूम न मानता शरणागती पत्करली, आणि त्यापायी ज्यांना सैन्यातून काढले गेले, त्यांनाही या क्रांतीने मान परत दिला. पुढे १९८० साली ते गोव्यात पाहुणे म्हणून आले आणि गोवेकरांनी त्यांचे मनापासून स्वागत केले. आम्ही आमच्या सुटकेसाठी झगडलो खरे, पण वसाहती टिकवण्याच्या हट्टाने मालकाच्या घरातलाच माणूस कसा कैदी झाला होता, हे एप्रिलच्या त्या सकाळी दिसले.

आणि आमच्या भाटात? तिथे क्रांती १९७५ साली पोहोचली. त्या वर्षी मुंडकार कायदा आला. मुंडकाराला घरातून काढता येणार नाही, आणि घर व त्याभोवतीची जागा, खेड्यात तीनशे चौरस मीटरपर्यंत, त्याला विकत घेता येईल. पुढच्या वर्षी कूळ कायद्यात दुरुस्ती होऊन कसणारा जमिनीचा मालक ठरला. अर्थात, कायदा आला म्हणून काम झाले असे नाही. मामलेदार कचेरीत वर्षानुवर्षे तारखा पडल्या, कित्येक घरांच्या अजून पडताहेत. त्यातल्या काही म्हाताऱ्यांना मी स्वतः व्हरांड्यात डबा घेऊन बसलेले बघतो, आणि हे काम सरकारने केव्हाच संपवायला हवे होते, असे मला अगदी मनापासून वाटते.

आमचे नाव मात्र मुंडकारांच्या नोंदीत लागले. आजोबांनी त्याचा कागद देवघरात, हळदीच्या डबीखाली ठेवला. पुढच्या मे महिन्यात एका सकाळी ते उठले, पेज प्यायली, शिडी भिंतीला लावली आणि वर चढले. आजी खालून म्हणाली, ‘अहो, विचारून आलात का?’ सवयच होती तिची. आजोबांनी उत्तर दिले नाही. त्यांनी पहिले कौल काढून तिच्या हातात दिले, मग दुसरे. संध्याकाळपर्यंत अर्धे छप्पर परतून झाले होते.