भिंतीलगतचे आठ दगड

मंडळी, युद्धदफनभूमी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शिस्तीत उभे असलेले हजारो पांढरे दगड येतात. तशा जागा मी पाहिल्या आहेत. पण मनात घर करून राहिली ती उत्तर फ्रान्समधल्या नव्ह-शापेलजवळच्या एका खेड्याची दफनभूमी. भोवती शेतं, लोखंडी फाटक, फाटकाशेजारी छोटी हिरवी पाटी: कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज. आत सगळी गावकऱ्यांचीच थडगी. काळा ग्रॅनाइट, चिनी मातीची फुलं, घराण्याचं नाव मोठ्या अक्षरांत. आणि मागच्या भिंतीला लागून सैनिकांचे आठ दगड.

हे आठ जण गावात कसे? पहिल्या महायुद्धात लढाईतल्या जखमींना मागे आणत. कधी गावच्या शाळेत, कधी एखाद्या मोठ्या घरात तात्पुरतं इस्पितळ थाटलेलं असे. तिथे जो दगावला, त्याला जवळच्याच दफनभूमीत पुरत. युद्ध संपल्यावर शेतांत विखुरलेल्या पुष्कळ कबरी मोठ्या दफनभूमींत हलवल्या. गावकऱ्यांमध्ये पुरलेले बरेचसे मात्र तिथेच राहिले. मृतदेह मायदेशी नेण्याला ब्रिटिशांनी १९१५ मध्येच बंदी घातली होती. पैसेवाल्यांनी आपली माणसं घरी न्यायची आणि गरिबांची तिथेच राहायची, हे होऊ द्यायचं नव्हतं.

या सगळ्याच्या मुळाशी फेबियन वेअर नावाचा माणूस आहे. रेड क्रॉसच्या एका तुकडीबरोबर तो फ्रान्सला गेला. कबरींची नीट नोंद होत नाही हे पाहून तो स्वतःच नोंदी ठेवू लागला. त्यातून १९१७ मध्ये युद्धकबरींचा आयोग उभा राहिला, फाटकाशेजारची पाटी त्याचीच. आयोगाचा दगड ८१ सेंटिमीटर उंच, ३८ सेंटिमीटर रुंद, माथा किंचित गोलसर. कर्नल असो की शिपाई, माप तेच. वर पलटणीचं चिन्ह, खाली हुद्दा, नाव, मृत्यूची तारीख. तळाशी घरच्यांना एक ओळ कोरून घेता यायची, ६६ अक्षरांची. ‘आईचा लाडका’ एवढं म्हणायलाही अक्षरं मोजावी लागली असतील.

दगडाच्या पायाशी बुटकी फुलझाडं असतात. मला वाटलं, शोभेसाठी. पण पावसाचे थेंब उघड्या मातीवर आपटले की चिखल उडतो आणि अक्षरांवर बसतो, तो उडू नये म्हणूनही ती लावलेली असतात. हे कळल्यावर मी प्रत्येक दगडाचा तळ वाकून पाहिला. सगळ्यात खालची ओळ स्वच्छ होती. शंभर वर्षांनी एका शिपायाच्या नावावर चिखल उडू नये, एवढी काळजी कुणीतरी घेतंय!

सात दगडांवरची नावं मी वाचत गेले. आठव्यावर क्रूस नव्हता. तिथे देवनागरीत कोरलं होतं: ॐ भगवते नमः. त्या गावात, त्या भिंतीपाशी, आपली लिपी. मी मटकन खालीच बसले. ३९वी गढवाल रायफल्स, मार्च १९१५. म्हणजे १० ते १३ मार्चच्या नव्ह-शापेलच्या लढाईतला. भिंतीच्या सावलीमुळे नावावर बारीक शेवाळ होतं. घासायचं नाही, दगड झिजतो. मी नळावरच्या झारीतलं थोडं पाणी हलकेच सोडलं, मोबाइलचा दिवा बाजूने तिरपा धरला, आणि एकेक अक्षर सावलीतून वर आलं. ते नाव मी मोठ्याने वाचलं. किती वर्षांनी ते तिथे नीट उच्चारलं गेलं असेल?

त्याच्या कितीतरी सोबत्यांना कबरच मिळाली नाही. नव्ह-शापेललाच १९२७ मध्ये हर्बर्ट बेकरच्या आराखड्याचं भारतीय स्मारक उभं राहिलं, त्यावर ४,७०० हून अधिक नावं आहेत.

आणि मराठी माणसाने नुसतं फ्रान्स पाहून समाधान मानू नये. सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या, तिथल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात उपाशी राहिल्या. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश शिपायाचं नाव कोरलं, भारतीय शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा. सगळ्यांना समान दगड देणाऱ्या याच आयोगाने हे केलं. २०२१ मध्ये आयोगाने ते मान्य केलं, माफी मागितली. अशी असमान नोंद झालेल्यांचा अंदाज ४५,००० ते ५४,००० आहे. मला याचा राग येतो, आणि तो यायलाच हवा.

तुमच्या घरातलं कुणी पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात दगावलं असेल, तर आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधा. स्पेलिंग चार तऱ्हांनी लिहून पाहा, कारकुनांनी आपली नावं ऐकतील तशी लिहिली आहेत.

निघताना शेजारच्या थडग्यावर नगरपालिकेची चिठ्ठी दिसली. फ्रान्समध्ये गावकऱ्यांना कबरीची जागा बरेचदा तीस किंवा पन्नास वर्षांच्या कराराने मिळते. मुदत संपली, कुणी फिरकलं नाही, की जागा परत घेतली जाते. सैनिकांची जागा मात्र फ्रान्सने २९ डिसेंबर १९१५ च्या कायद्याने कायमची दिली आहे. चिठ्ठी उन्हाने पिवळी पडली होती. पुढच्या वेळी मी जाईन तेव्हा ते थडगं बहुधा नसेल, तिथे दुसरं कुणी आलेलं असेल. गढवालचा शिपाई भिंतीपाशीच असेल.