आधी दप्तर राखा, मग मोर्चा काढा

मंडळी, सरकार फोन ऐकतंय असा संशय आला की आपल्याकडे पहिली मागणी राजीनाम्याची होते. तिला आधारही आहे. फोन टॅपिंगच्या आरोपांवरूनच 1988च्या ऑगस्टमध्ये रामकृष्ण हेगडे यांना कर्नाटकचं मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. पण त्याआधी मागायला हवं ते हे: फोन ऐकण्याच्या आदेशांचं दप्तर नष्ट करू नका.

राज्यात फोन ऐकण्याचा आदेश गृहसचिवानं कारणांसह लेखी काढायचा असतो. तो 60 दिवस चालतो. वाढवला तरी एकूण 180 दिवसांपुढे जात नाही. प्रत सात कामकाजी दिवसांत पुनर्विलोकन समितीकडे जाते. अध्यक्ष मुख्य सचिव, सोबत विधी सचिव आणि गृह सोडून दुसऱ्या खात्याचा एक सचिव. आदेश काढणारं सरकार आणि तपासणारंही सरकारच, न्यायाधीश कुठेच नाही! हे फार घातक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996च्या पीयूसीएल (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज) निकालापासूनची ही चौकट फोन ऐकण्याबाबतच्या 2024च्या नियमांतही जवळपास तशीच आहे. आणि याच नियमांनुसार कामाला लागणार नाहीत असे कागद दर सहा महिन्यांनी नष्ट होतात. आपण बैठका घेत राहिलो तर चौकशी सुरू होईपर्यंत हाती काही उरत नाही.

म्हणून दप्तर राखण्याचं निवेदन लगेच द्या, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत मुख्य सचिवांच्या नावे. मराठीत द्यायचा हक्क घटनेच्या 350व्या कलमानं दिला आहे. तरी कर्नाटकात कन्नड प्रत जोडा, म्हणजे भाषांतरासाठी कागद अडकणार नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

मजकुरात टॅपिंग आणि सीडीआरची (कॉल डिटेल रेकॉर्ड, म्हणजे कॉलच्या नोंदी) गल्लत नको. सीडीआरमधून कोणी, कोणाला, कधी, किती वेळ फोन केला ते कळतं, बोलणं कळत नाही. ती माहिती मागवण्याची वाटही वेगळी. गल्लत झाली की ‘असा आदेशच नाही’ हे उत्तर खरं ठरतं आणि विषय तिथंच मिटतो.

माहिती अधिकारात ‘माझा फोन ऐकला का?’ असं विचारलं तर सुरक्षेच्या कारणानं नकार ठरलेला. समितीच्या बैठकांच्या तारखा विचारा. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा, 150 शब्दांत, शुल्क 10 रुपये. 30 दिवसांत उत्तर नाही, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

आता मोर्चा. बेळगावच्या सुवर्णसौधला, म्हणजे तिथल्या विधिमंडळाच्या इमारतीत, अधिवेशन भरलं की जमावबंदी लागू शकते, पूर्वीचं 144, आताचं 163 कलम. तोंडी ‘परवानगी नाही’ ऐकून परतू नका, आदेशाची प्रत मागा. असे आदेश जाहीर केलेच पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सांगितलं आहे. आदेश खरोखर असेल तर मात्र चौकात ठिय्या नको. मग अटक झालेल्यांना सोडवण्यातच आठवडा जातो आणि टॅपिंग बाजूला पडतं. त्यापेक्षा शिक्क्याची प्रत जिल्ह्यातल्या सत्ताधारी आणि विरोधी, दोन्ही बाजूंच्या आमदारांना अधिवेशनाआधी द्या आणि सभागृहात एवढंच विचारायला लावा: शिक्क्यावरच्या या तारखेनंतर कोणते कागद नष्ट केले, आणि कोणाच्या सहीनं?