आत्याची लेझीम

नमस्कार श्रोतेहो,

आज माझ्या आत्याबद्दल बोलायचंय. ठाण्यातल्या एका शाळेत तिनं आयुष्यभर पी. टी. शिकवली. नौपाड्यात भाजी घेताना अजूनही एखादी बाई मला थांबवते आणि म्हणते, "तुझी आत्या काय ओरडायची गं आमच्यावर!" गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजवायची वेळच यायची नाही. मैदानाच्या एका टोकाहून आत्यानं हाक दिली की दुसऱ्या टोकाची लेझीम जागच्या जागी थांबायची. तिनं लग्न केलं नव्हतं. निवृत्तीनंतर ती आमच्याकडे राहायला आली आणि घरादाराची परेड सुरू झाली.

पुढे तिला पार्किन्सन्स झाला. आपण त्याला कंपवात म्हणतो, त्यामुळे नुसते हात थरथरत असतील असं वाटतं. आत्याचे हात फारसे कापलेच नाहीत. आधी बिघडलं ते अक्षर. दुधाच्या हिशेबाच्या वहीत तिचे टपोरे आकडे बारीक होत होत मुंगीएवढे झाले. मग आवाज खाली गेला. चेहराही हलेनासा झाला, तेव्हा येणारे-जाणारे हळूच विचारायचे, "रागावल्यात का?" या आजारात मेंदूत डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं आणि हालचाली मंदावतात, चेहऱ्याच्या स्नायूंच्यासुद्धा. रागबिग काही नसायचा. नाहीतर रागावलेली आत्या ओळखू आली नाही, असं कधी झालंय का?

औषध म्हणून लेव्होडोपाची गोळी होती. ती जेवणाआधी अर्धा तास, कारण डाळ, दूध, अंडं यांतली प्रथिनं आतड्यात तिच्या आड येतात. शेजारच्या काकूंनी मायेनं खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण आणून दिलं. ते थोतांड नव्हतं बरं का! त्या बियांत लेव्होडोपाच असतो. म्हणूनच डॉक्टरांनी हात जोडले. गोळी चालू असताना वरून चूर्ण घेतलं, तर पोटात एकूण किती गेलं याचा हिशेबच लागत नाही. चूर्ण परत गेलं, काकूंचा रुसवा मात्र बरेच दिवस टिकला.

सगळ्यात अवघड होता तो न्हाणीघराचा उंबरठा. तिथे आली की आत्याचे पाय जमिनीला चिकटायचे. ओढायचं नाही, घाई करायची नाही, हे फिजिओथेरपिस्टनं बजावलं होतं. फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवा, ताल द्या, असंही सांगितलं. पट्टी ओलांडायची म्हटलं किंवा ठेका कानावर पडला की अडलेलं पाऊल सुटतं, असं या आजारात पुष्कळांच्या बाबतीत घडतं. ताल म्हटल्यावर आत्याला शिकवायला नकोच. "एक-दोन-तीन-चार" मी म्हणायचे आणि ती निघायची. माझी लय चुकली तर मात्र तिथेच उभी राहून पुटपुटायची, "पुन्हा पहिल्यापासून."

लोक म्हणतात, तुम्ही फार केलंत हो तिचं. केलं, नाही कशाला म्हणू? पण सूत्रं शेवटपर्यंत तिच्याच हातात होती. चहाला आलं किती, चादरीची घडी कशी, मी नोकरी बदलावी की नाही, सगळं तीच ठरवायची. पाडव्याला कौपिनेश्वराची पालखी निघते, तेव्हा तिला खुर्चीत बसवून शोभायात्रा पाहायला न्यायचो. एकदा समोरून लेझीम पथक गेलं. गर्दी टाळ्या वाजवत होती आणि आत्यानं माझी ओढणी ओढली. मी कान तिच्या तोंडाशी नेला. "तिसऱ्या ओळीतली डावीकडची," ती म्हणाली, "पाय उशिरा टाकतेय."

११ एप्रिल हा जागतिक पार्किन्सन दिन. १८१७ साली या आजाराचं नीट वर्णन करणारे लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन, त्यांचा हा जन्मदिवस. त्यानिमित्तानं गोळ्यांबद्दल, व्यायामाबद्दल तुम्ही बरंच ऐकाल. मला सांगायचंय ते भेटायला जाणाऱ्यांना. समोरचं माणूस बोलता बोलता अडलं की आपण त्याचं वाक्य पुरं करून टाकतो. तसं करू नका, थांबा जरा. आमच्याकडे एक पाहुण्या आल्या होत्या, सोलकढी घेऊन. आत्यानं एक घोट घेतला आणि काहीतरी बोलायला लागली. पाहुण्यांनी लगेच, "आवडली ना? छान झालीये ना?" मी त्यांना खुणेनं थांबवलं. बराच वेळ गेला, आणि मग आत्याचं वाक्य पुरं झालं: "मीठ विसरलीस."

नमस्कार.