दहा सूचक आणि एक बूथ

श्रोतेहो, नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातला. पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं माझं दुकान आहे. २०२४ च्या विधानसभेला मी अपक्ष उभा राहिलो आणि पडलो. मतदारसंघाचं नाव सांगत नाही. मराठवाड्यात ४६ आहेत, त्यातला कोणताही धरा.

उभं राहायचं ठरलं तेव्हा मला वाटलं, निवडणूक म्हणजे भाषण. सोयाबीनवर मी झकास भाषण तयार केलं होतं. त्या वर्षीचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये, आणि मोंढ्यात माल घेऊन गेलं की ओलावा दाखवून भाव पाडायचे. आरशासमोर पाठ केलं होतं सगळं. पण भाषणाचा नंबर फार उशिरा लागतो हो. आधी लागतात सूचक, म्हणजे अर्जावर आपलं नाव सुचवून सही करणारे मतदार.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला दहा लागतात, आणि दहाही त्याच मतदारसंघातले. मतदार यादीतला भाग क्रमांक, अनुक्रमांक, सही, सगळं जुळलं पाहिजे. अधिसूचना निघाली २२ ऑक्टोबरला, अर्जाचा शेवटचा दिवस २९, म्हणजे नेमकी धनत्रयोदशी. सोयाबीन खळ्यावर, माणसं शेतात. मी मोटारसायकलवर यादी घेऊन धुऱ्याधुऱ्यानं फिरलो. माझ्या दुकानात रोज वीस माणसं बसून सरकारला शिव्या देतात, दहा सह्या म्हणजे काय मोठी गोष्ट, असं वाटलं होतं. पण जो तो विचारायचा, "भाऊ, माझं नाव बाहेर कळंल का?" कळेल म्हटलं की त्याला म्हशीची धार आठवायची. मी त्यांना नावं ठेवत नाही. कुणाचा ऊस कारखान्याला जायचा असतो, कुणाचं सोसायटीचं कर्ज नवंजुनं करायचं असतं. उभ्या उसाच्या मालकानं अपक्षाच्या कागदावर सही करायची म्हणजे सोपं नाही.

नऊ झाले. दहावी आमच्या गल्लीतली एक म्हातारी. तिला सही येत नाही, आणि सूचकाचा अंगठा असेल तर तो अधिकाऱ्यासमोरच लागतो. म्हटलं, माय, तहसीलला यावं लागेल. ती म्हणाली, "येते की. पण तिथं बसवून ठेवतेत, भाकर बांधून घेते." आत उमेदवार धरून पाचच माणसं सोडतात. बाकीचे सूचक फाटकाबाहेर उभे, आणि ही फडक्यात भाकर घेऊन निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर खुर्चीत. अंगठा लावला, शाई पदराला पुसली आणि त्यांनाच म्हणाली, "नीट बघा साहेब, पुन्हा बोलवू नका."

शपथपत्राचं थोडक्यात सांगतो. एकही रकाना कोरा ठेवायचा नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं तसं सांगितलेलं आहे. नसेल तिथं निरंक लिहायचं. मी धडाधड निरंक लिहीत गेलो आणि सोन्यापाशी अडलो. बायकोचं मंगळसूत्र सोनाराकडे नेऊन तोललं. ती म्हणाली, "लग्नाला अठरा वर्षं झाली, माझं सोनं मोजलं ते पण सरकारसाठी." आणि एक विसरू नका. अर्ज देऊन झाला की लगेच उमेदवाराची शपथ घ्या, संविधानाशी निष्ठेची, ती शपथपत्राहून वेगळी. छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत ती झाली नाही, तर बाकी सगळं बरोबर असूनही अर्ज बाद होतो.

४ नोव्हेंबरला माघारीची मुदत संपली. चिन्ह मिळालं शिलाई मशीन. पुढं जिथं जाईन तिथं बाया विचारायच्या, मशीन वाटणार हाय का?

१८ तारखेला संध्याकाळी प्रचार बंद. म्हणजे हातात चौदा दिवस. मतदारसंघात बूथ साधारण साडेतीनशे. म्हणजे दिवसाला पंचवीस. एका गावात अर्धा तास म्हटलं तरी जेवायला वेळ उरत नाही, आणि आमच्याकडे चहा घेतल्याशिवाय कुणी सोडत नाही.

खर्चाची मर्यादा चाळीस लाख. माझं सगळं मिळून दोन लाखांत आटपलं, तरी हिशोब चाळीस लाखवाल्यासारखाच ठेवावा लागतो. निवडणुकीचं खातं वेगळं, नोंदवही वेगळी, चहा, खुर्ची, मंडप, जीप सगळ्यांचे दर प्रशासनानं ठरवून दिलेले. एका शेतातल्या आखाड्यावर मला ठेचा-भाकर वाढली. ती कोणत्या दरानं लिहायची, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. लिहिली नाही. आता रेडिओवर सांगून बसलो.

पण मी पडलो तो बूथवर. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी, म्हणजे पहाटे साडेपाचला, अभिरूप मतदान असतं, म्हणजे यंत्र नीट चालतं का ते बघायला चाचणीचं मतदान. तेव्हा तुमचा माणूस केंद्रात लागतो. संध्याकाळी किती मतं पडली त्याचा कागद हातात घेईपर्यंत त्यानं हलायचं नाही. असे साडेतीनशे लागतात. माझ्याकडे होते एक्केचाळीस. त्यातल्या सहा जणांचे फोन पहाटे बंद. मोठ्या पक्षांची ही माणसं निवडणुकीच्या महिन्यात गोळा केलेली नसतात. कुणाच्या पोराची ॲडमिशन, कुणाच्या बापाचं दवाखान्याचं बिल, अशी पाच-पाच वर्षं जोडलेली असतात. मी चौदा दिवसांत भाषणावर जोडायला निघालो होतो.

२३ ला निकाल. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं नसली की अनामत जाते. माझे दहा हजार गेले. मला बाराशेच्या आत मतं होती.

पुढं केंद्रनिहाय मतांचा तक्ता मिळाला. रात्री दुकानात बसून एकेक ओळ बघितली. म्हातारीच्या बूथवर एकशे चार. एका बूथवर मात्र शून्य. त्या बूथच्या यादीत माझ्या दहा सूचकांपैकी एकाचं नाव होतं.

डिसेंबरात तो दुकानात आला. पाच हॉर्सपॉवरची मोटार जळाली होती, गव्हाला पाणी द्यायचं होतं. मी दुसऱ्या दिवशी भरून दिली. दरवेळी शंभर-दोनशेसाठी तासभर घासाघीस करणारा माणूस. त्या दिवशी सांगितले तेवढे पैसे त्यानं मुकाट्यानं मोजून दिले, मोटार उचलली आणि गेला.