बोलायची वेळच येत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

2000 सालापासून आपल्या राज्यात मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांत बसलेल्या बहुतेक मुलांनी निदान बारा वर्षं इंग्रजीचा तास केलाय. पेपर सुटतो, वाचलेलं समजतं. पण "दोन मिनिटं बोल" म्हटलं, की मान खाली. कारण बोलायची वेळच येत नाही. पुन्हा सांगतो, इंग्रजी येत नाही असं नाही. बोलायची वेळच येत नाही.

मागे बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा होती, मी शेजारच्या खुर्चीवर. यावलकडचा मुलगा, घरची केळी, प्रोजेक्टही केळीच्या पानांवरच्या करपा रोगावरच. बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं, "टेल मी अबाऊट युवर प्रोजेक्ट." पोरगा गप्प. फाईलचा कोपरा मुडपतोय, उलगडतोय. मॅडम म्हणाल्या, "बरं, मराठीत सांग." आणि मग काय! पानावर आधी बारीक पिवळी रेघ उठते, ती तपकिरी होते, डाग एकमेकांत मिसळतात, पान वाळतं, घड पोसत नाही. पावसाळ्यात बाग दाट असली, की जास्तच. थांबेचना!

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "आता हेच इंग्रजीत. व्याकरण मी बघणार नाही."

"फर्स्ट यलो लाईन कम. देन ब्राऊन. देन लीफ ड्राय. बनाना स्मॉल."

त्यांनी टोकलं नाही. विचारलं एवढंच, "व्हाय स्मॉल?"

"लीफ मेक फूड, मॅडम. नो लीफ, नो फूड."

श्रोतेहो, हे सांगताना आजही अंगावर काटा येतो. उत्तर ऐकायचं म्हणून त्याला इंग्रजीत प्रश्न विचारणारं त्या दिवशी कुणीतरी भेटलं होतं.

कॅनडात मेरिल स्वेन या अभ्यासक बाईंनी 1985 साली हेच मांडलं. फ्रेंचमधून शिकणाऱ्या इंग्रजी घरच्या मुलांना फ्रेंच छान समजायचं, बोलताना मात्र ती अडायची. वर्गात त्यांच्याकडून पुरेसं बोलून घेतलं जात नव्हतं.

आपल्याकडे त्यात हसण्याची भर. अहिराणीचा हेल आला, की वर्ग हसतो.

शिक्षक मित्रांनो, वर्गात ऐंशी मुलं असतात, मान्य. जोड्या लावा, रोज पाच मिनिटं द्या. विषय घरचाच ठेवा: कापसाचा भाव, एसटीचा पास, काल रात्री गेलेली लाईट. बोलायची वेळ येऊ द्या. चुकलं तरी वाक्य पुरं होऊ द्या, दुरुस्ती नंतर. आणि कुणी हसलंच, तर त्याला तिथल्या तिथे थांबवा.

नमस्कार.