पान बघा, मग फुलाचं नाव सांगा

नमस्कार मंडळी. इथं अमेरिकेत, आयडाहो राज्यातल्या बॉइझी शहराच्या मागच्या टेकड्या पिवळ्याधम्मक झाल्यात आणि इतक्या जणांनी फोटो पाठवून विचारलं की हे जंगली सूर्यफूल का, की म्हटलं आज त्याच्यावरच बोलू.

घराणं सूर्यफुलाचंच, आपली सोनकीपण त्यातलीच, पण हे सूर्यफूल नव्हे. हे ॲरोलीफ बाल्समरूट. इथलं, अस्सल गावठी. पण फोटोत सगळ्यांनी नुसतं फूल वरून काढलेलं, आणि मधे चकती, भोवती पिवळ्या पाकळ्या अशी फुलं ह्या भागात ढिगानं आहेत, त्यामुळे तेवढ्यावरून नाव सांगायचं धाडस मी तरी करणार नाही.

खाली बसा आणि पान बघा. लांब देठाची पानं थेट बुंध्यातून निघतात, आकार बाणाच्या टोकासारखा, मला तर अळूच्या पानाची आठवण येते, रंग मात्र रुपेरी करडा. बोटांत धरून बघा, जुन्या शालीसारखं मऊ लागतं, ती बारीक लव असते, ती ऊन परतवते आणि पानातलं पाणी टिकवते. फुलाचा दांडा जवळजवळ मोकळाच, एखाददुसरं चिंचोळं पान, आणि टोकाला बहुतेक एकच फूल.

पान हिरवंगार, चकचकीत, बाणासारखे कोपरे नाहीत, आणि दांड्यालाही बिलगून पानं असली तर ते म्यूल्स इअर्स, म्हणजे खेचराचे कान. ते जरा ओल धरणाऱ्या चिकण जमिनीत येतं.

आजूबाजूची करडी झुडपं म्हणजे सेजब्रश. त्याचं पान चुरगळून वास घ्या, टोकाला तीन दाते असलेलं इवलंसं पान असतं. आपण जोतिबाला वाहतो तो दवणा आणि हे सेजब्रश एकाच कुळातले, दोन्ही आर्टेमिसिया. मला हे कळलं तेव्हा खरंच भरून आलं, कारण इथं बाल्समरूट फुलतं तेही चैत्र-वैशाखातच.

१८०६ साली मेरीवेदर लुईस ह्या अमेरिकन शोधप्रवाशाने कोलंबिया नदीच्या खोऱ्यातून बाल्समरूटचे नमुने नेले, पण नेझ पर्स आणि इतर मूळ रहिवासी त्याच्या कितीतरी आधीपासून ह्याचे कोवळे कोंब, बिया, मुळं खात आलेत. मुळाला राळेसारखा वास, म्हणून नावात बाल्सम. मूळ जाडजूड आणि खोल, वरचं सगळं वणव्यात जळालं तरी खालून परत फुटतं.

पण उपटून कुंडीत लावलं तर जगत नाही हो, मूळ तुटतं. मागच्या आठवड्यात पायवाटेच्या कडेला ताजा खड्डा दिसला, शेजारी तुटलेली दोन करडी पानं, फार वाईट वाटलं. बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला कित्येक वर्षं लागतात.

खालच्या उतारावरचा बहर आता ओसरत आलाय, वर उंचावर अजून आहे. जुलै संपेपर्यंत खालची पानं वाळून कागदासारखी कुरकुरायला लागतील, त्यामुळे ह्याच रविवारी जा, आणि फोटो काढताना ह्या वेळी पानाचा पण काढा.