कुलूप लावून ठेवलेला फ्लॅट

हे पावतीपुस्तक बघा. पानं पिवळी पडलीत, कार्बन पेपर अजून मधेच अडकलाय, आणि पावतीमागून पावती उलटत जा, भाड्याचा आकडा काही हलत नाही. मुंबईतल्या जुन्या चाळींच्या मालकांकडे अशी पुस्तकं अजून निघतात.

आकडा न हलण्याचं कारण म्हणजे १९४७ चा मुंबईचा भाडे कायदा. जुन्या जागांचं भाडं १ सप्टेंबर १९४० ला जे होतं तेच प्रमाण भाडं धरायचं, असं या कायद्याने ठरवलं. त्या काळी ते गरजेचंच होतं, शहरात माणसांची रीघ लागलेली, जागा नाहीत, आणि गिरणीत राबणाऱ्या माणसाला मालकाने मनात आलं म्हणून बाहेर काढू नये हे बरोबरच आहे. पण हा कायदा आला होता ठरावीक मुदतीसाठी, आणि मुदतवाढ मिळत मिळत चालला पन्नास वर्षं, तेवढ्यात सिमेंट, मजुरी, घरपट्टी सगळं वाढलं, भाडं तेवढं जागच्या जागी.

तरी मला विचाराल तर लहान मालकांच्या मनात खरी धास्ती बसली ती १९७३ मधे. कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ ला जो माणूस चालू लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे जागा ठरावीक मुदतीसाठी नुसती वापरायला देण्याच्या करारावर, जागेत राहत होता तो थेट संरक्षित भाडेकरू झाला. म्हणजे विचार करा, बदलीवर बाहेरगावी गेलेला एखादा नोकरदार, वर्षभरासाठी आपली खोली कुणाला तरी वापरायला देऊन गेला, आणि परत येतो तर खोली नावावर आहे पण ताब्यात नाही. हे बंगलेवाले, चाळवाले नव्हते हो, एकच घर असलेली माणसं होती. तेव्हापासून घराघरात एकच सल्ला, धूळ खात पडू दे पण भाड्याने देऊ नको. घरं कमी असलेल्या शहरात फ्लॅटला कुलूप, यात मालकाचं नुकसान आणि घर शोधणाऱ्याचं पण.

मग १९९७ च्या डिसेंबरमधे सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की हे गोठवलेलं भाडं आता वाजवी राहिलेलं नाही. त्यानंतर आला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, लागू झाला ३१ मार्च २००० पासून.

यात जुन्या भाडेकरूंकडून वर्षाला ४ टक्के वाढ घेता येते. ऐकायला बरं वाटतं, पण १०० रुपये भाड्यावर ती होते ४ रुपये. आणि इमारत राहण्याजोगी ठेवायची जबाबदारी मालकाचीच. पागडी, म्हणजे जागा देताना भाड्याशिवाय घेतली जाणारी एकरकमी रक्कम, घेणं मात्र कायदेशीर झालं, आणि १ कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल (भागधारकांनी भरलेले पैसे) असलेल्या कंपन्या, बँका वगैरेंचं भाडे कायद्याचं संरक्षण गेलं.

नवीन मालकासाठी सगळ्यात महत्त्वाची दोन कलमं, २४ आणि ५५. कलम २४ म्हणजे राहण्यासाठी दिलेल्या लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली आणि समोरचा निघत नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कामासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा, दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं खेटे घालायची गरज नाही, आणि तो जितके दिवस जास्त राहील त्याची दुप्पट दराने भरपाई. पण त्यासाठी करार लेखी पाहिजे आणि तो रजिस्टर पाहिजे, आणि रजिस्टर करायची जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकलीये. नाही केला तर करारात काय ठरलं होतं याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जाणार, उलट सिद्ध करायचं ओझं मालकावर. शिवाय ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तरीसुद्धा लोक काय करतात, अकरा महिन्यांचा करार, स्टॅम्प पेपर, नोटरीचा शिक्का, झालं. बारा महिन्यांच्या आत रजिस्ट्रेशन लागत नाही हे कुठेतरी ऐकलेलं असतं, पण महाराष्ट्रात ते चालत नाही, करार अकरा महिन्यांचा असला तरी लागतंच. आणि आता तर रजिस्ट्रेशन घरबसल्या होतं, वेबकॅमसमोर बसायचं, मशीनवर अंगठा ठेवायचा, मग हे टाळून आपलंच घर कशाला धोक्यात घालायचं? हे मी कळकळीने सांगतोय.

२०२१ मधे केंद्राने आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. घरासाठी डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं, मुदतीनंतर राहिलं तर पहिले दोन महिने दुप्पट भाडं आणि पुढे चौपट. तो स्वीकारायचा की नाही हे राज्यांनी ठरवायचं, आणि जुन्या भाडेकरूंना तो हातच लावत नाही.

म्हणजे हे पावतीपुस्तक आहे तिथेच राहतं. १०० चे १०४, पुढच्या वर्षी अजून चार रुपये आणि वर काही पैसे, आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानात घडी घालून ठेवलेलं, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं कोटेशन.